काचेवरचा थेंब

थेंब मोहरीएवढाच हवा. काचेच्या एका टोकाशी तो ठेवायचा, दुसरी काच तीस-चाळीस अंशांत कलती धरून मागे सरकवत थेंबाला टेकवायची, रक्त कडेने पसरलं की न दाबता, न थांबता पुढे न्यायची. काम दोन सेकंदांचं, पण हात बसायला महिने जातात. थेंब मोठा झाला तर लेप काचेच्या बाहेर जातो, हात अडखळला तर पट्टे उमटतात. जमला तर लेपाची शेवटची कड पिसाच्या टोकासारखी विरत जाते. त्या कडेच्या किंचित अलीकडे पेशी एकमेकींना जेमतेम शिवत एका थरात पडलेल्या असतात. वाचायचं ते तिथे.

कुत्र्यामांजरांच्या पोटातल्या, रक्तातल्या, मूत्रपिंडाच्या आजारांवर उपचार करणाऱ्यांच्या हाताशी आज सोनोग्राफी आहे, एंडोस्कोपी आहे, मिनिटाभरात रक्ताचे डझनभर आकडे छापणारी यंत्रं आहेत. या साधनांनी असंख्य जनावरं वाचली आहेत. तरीही एका साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिलेली ही काच जे सांगते, ते दुसरं कुणीच सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती पाहण्याची सवय मोडत चालली आहे, याची मला काळजी वाटते.

नेहमीचाच रुग्ण घेऊ. लॅब्रेडॉर, वय पाच, दोन दिवस जेवणाला तोंड लावत नाही, अंगात ताप. घरचे म्हणतात, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टर ओठ वर करून हिरड्या बघतात. गुलाबी असायच्या त्या फिकट आहेत. पोटावरचे केस मागे सारले की त्वचेवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके दिसतात. गुडघ्यामागच्या गाठी सुजलेल्या, बरगड्यांच्या मागे प्लीहा हाताला लागते आणि कानाच्या दुमडीत एक गोचीड. इथवर आलं की बहुतेक ठिकाणी निदान झालेलं असतं: गोचीडताप. डॉक्सिसायक्लिन सुरू करा.

अडचण अशी की गोचीड एकच रोग आणत नाही. तपकिरी गोचीड माणसाच्या घरातही सुखाने राहते, भिंतींच्या भेगांत अंडी घालते आणि आपलं सगळं आयुष्य घराबाहेर न पडता पुरं करते. तिच्यातून येणारा एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घुसतो. 1935 साली दोनातिएं आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अल्जीरियातल्या कुत्र्यांत तो दाखवला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची शंभराहून अधिक कुत्री या रोगाने नाकातून रक्त वाहून दगावली, तेव्हा कुठे जगाने तो गंभीरपणे घेतला. त्याला डॉक्सिसायक्लिन लागू पडतं, साधारण चार आठवडे. पण बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत राहतो, आणि एकट्या डॉक्सिसायक्लिनने तो हटत नाही. त्यातही दोन तऱ्हा. एक मोठा, पेशीत जोडीने बसलेला, पेअरच्या आकाराचा. दुसरा इवलासा, अंगठीसारखा. हा दुसरा, बबेसिया गिब्सोनी, आपल्याकडचाच: 1910 साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि मग कोल्ह्यांत तो नोंदवला. मोठ्याला डायमिनाझिन किंवा इमिडोकार्बचं इंजेक्शन सहसा पुरतं. धाकट्याला पुरत नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी महागडी जोडी द्यावी लागते, आणि तरी तो पुन्हा डोकं वर काढतो. हा मोठा-धाकटा भेद काचेवर डोळ्यांना दिसतो. म्हणून जाणते डॉक्टर शिरेतल्या रक्ताबरोबर कानाच्या टोकाचाही एक थेंब घेतात, कारण परजीवी शिरलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकून राहतात.

आणखी एक परजीवी म्हणजे हेपॅटोझून. त्याच्यासाठी गोचीड चावावी लागत नाही. कुत्र्याने अंग चाटताना गोचीड खाल्ली की पुरे. पांढऱ्या पेशीच्या मधोमध तो औषधाच्या कॅप्सूलसारखा आडवा पडलेला दिसतो. एकदा पाहिला की माणूस तो विसरत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही काच फार छळते. हवा इतकी दमट की लेप वाळता वाळत नाही, आणि हळू वाळलेल्या तांबड्या पेशींत चकाकणारी भोकं पडतात. नवशिक्याला तीच बबेसिया वाटतात. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू पुढेमागे केला की ती लखलखतात, खरा परजीवी लखलखत नाही. म्हणून लेप ओढल्याबरोबर केस वाळवायच्या ड्रायरने गार हवा मारायची आणि मिथेनॉलमध्ये बुडवायचं. काच उघडी ठेवून चहाला गेलं तर माश्या रक्त चाटून मोकळ्या होतात. मग लीशमन किंवा गीम्साचा रंग, वाहतं पाणी, तेलाचा थेंब आणि शंभर पटीचं भिंग.

मांजराच्या बाबतीत तर काच पाहिल्याशिवाय यंत्रावर विश्वास ठेवूच नये. मांजराच्या तांबड्या पेशी लहान, बिंबाणू (प्लेटलेट) मोठे, आणि पेशी आकारावरून ओळखणाऱ्या साध्या यंत्रांचा दोघांत गोंधळ होतो. शिवाय मांजराचे बिंबाणू रक्त काढतानाच गुठळ्या करतात. यंत्राला गुठळी ही एकच वस्तू दिसते आणि कागदावर छापून येतं की बिंबाणू वीस हजार. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. काचेच्या पिसासारख्या कडेवर नजर टाकली की गुठळ्याच गुठळ्या: मांजर ठणठणीत. गुठळ्या नसतील तर तेलाच्या भिंगाखालच्या दहा जागी बिंबाणू मोजायचे, सरासरीला पंधरा हजारांनी गुणायचं; एका जागी दहा-पंधरा दिसले तर चिंता नाही. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल जातीच्या अनेक कुत्र्यांतही हेच होतं. त्यांचे बिंबाणू जन्मतःच थोडे आणि थोराड असतात, आणि आजार नसताना त्यांच्यावर उपचार होतात.

मांजराच्या काचेवरची आणखी एक खूण प्रत्येक घरात ठाऊक हवी. ताप आहे म्हणून कुणी प्रेमाने पॅरासिटामॉलची गोळी भरवतं. माणसाचं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंदच असते. त्यातून हिमोग्लोबिन गंजतं. रक्त लालऐवजी चॉकलेटी दिसतं, हिरड्या मातकट होतात, तोंड आणि पंजे सुजतात. काचेवर तांबड्या पेशींच्या कडेला बारीक फोड उठलेले दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. मेथिलीन ब्लूने त्या गडद निळ्या उठून दिसतात. एका गोळीत मांजर जातं. वेळेत आणलं तर एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन देऊन वाचवता येतं. कांद्यानेही असेच फोड येतात, मांजरात आणि कुत्र्यातही. उरलेली मिसळ, भाजीचा रस्सा, कांदा घातलेलं मटण त्यांच्या ताटलीत नको.

आता झटपट किटबद्दल. थेंब टाकला, दहा मिनिटांत रेघ उमटली, एर्लिकिया पॉझिटिव्ह. किट उपयोगी आहे, विशेषतः कारण एर्लिकिया काचेवर फार क्वचित सापडतो. पण बहुतेक किट प्रतिपिंडं शोधतात, आणि ती रोग बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने रक्तात राहतात. मागच्या वर्षीचा आजार या वर्षी रेघ उमटवतो. प्रतिपिंड म्हणजे शत्रू येऊन गेल्याची नोंद. तो आत्ता घरात आहे का, हे काचेवर सापडला तर काचेने, नाहीतर पीसीआरने कळतं.

काच पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या शेजारी सुरू झालं. मुंबईकर त्या जागेला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील सूक्ष्मदर्शकाचे माणूस होते. महाविद्यालय सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी, 1880 साली, ग्रिफिथ इव्हान्स यांना तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथे सर्रा नावाचा रोग झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा जीव दिसला होता. हा जीवच रोगाचं कारण, हे त्यांचं म्हणणं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. स्टील यांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशात लष्करी खेचरांच्या रक्तात तोच जीव पाहिला आणि इव्हान्स यांचं नाव त्याला दिलं. त्यांनी त्याची जात चुकीची ठरवली, पण इव्हान्स हे नाव टिकलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

हा परजीवी कुत्र्यांतही येतो, चावऱ्या गोमाशांमुळे किंवा बाधित कच्चं मांस खाल्ल्याने. ताप येतो-जातो, तोंड सुजतं, डोळा निळसर पांढरा होतो. ज्याच्या डोळ्यात नुसते थेंब घातले जातात, त्या कुत्र्याचं खरं निदान रक्ताच्या ओल्या काचेवर होतं. तांबड्या पेशींना ढकलत, सळसळत जाणारी ही बारीक वळवळ रंगाशिवायही दिसते.

माणसाला तो होत नाही, असं मानलं जायचं, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप होता. त्याच्या रक्ताच्या काचेवर ट्रिपॅनोसोमा सापडले, आणि माणसात इव्हान्सीची ही पहिली पक्की नोंद ठरली. पुढे कळलं की ते मारक प्रथिन त्याच्या रक्तात मुळी नव्हतंच. सुरामिन देऊन तो बरा झाला. गावातल्या इतरांचीही तपासणी झाली. बऱ्याच जणांत प्रतिपिंडं आढळली. काचेवर मात्र त्यांच्यापैकी कुणाच्याही रक्तात परजीवी दिसला नाही.