फोनमध्ये १२:४१, उज्जैनच्या सावलीत १२!

आज छत्रपती संभाजीनगरहून जवळजवळ सरळ उत्तरेला, उज्जैनला जाऊया. महाकालाचं दर्शन सगळेच घेतात, पण क्षिप्रेकाठची वेधशाळा राहूनच जाते. राहू देऊ नका, कारण तिथलं सूर्याचं घड्याळ जवळपास आपल्याच शहराची वेळ सांगतं.

ही वेधशाळा सवाई जयसिंगांची, १८व्या शतकातली. (आपला जयसिंगपुरा त्यांच्या नावाचा नाही बरं का, तो त्यांचे पूर्वज मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाचा.) दिल्ली, जयपूर, बनारस, मथुरा इथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या. उज्जैनचा मान मात्र जुना. आज रेखांश ग्रिनिचपासून मोजतात, तसे आपले जुने ज्योतिर्विद उज्जैनपासून मोजायचे.

आधी सम्राट यंत्र बघा. मध्ये जिन्याची तिरपी भिंत, तिचा चढ ध्रुवताऱ्याच्या दिशेनं. दोन्ही बाजूंना वर्तुळाचे पाव-पाव भाग, त्यांवर खुणा. भिंतीची सावली जिथे पडेल ती वेळ.

आता फोन काढा. फेब्रुवारीच्या मध्यात सावली १२ दाखवते तेव्हा फोनमध्ये १२:४१ झालेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१०. मग चुकतंय कोण? कुणीच नाही! फोनमधली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. उज्जैन त्याच्या पश्चिमेला सुमारे पावणेसात अंश, आणि दर अंशाला ४ मिनिटं. झाली की २७ मिनिटं! उरलेला फरक पृथ्वीमुळे: कक्षा थोडी लांबट, आस कललेला, म्हणून सूर्य आपल्या घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे.

संभाजीनगर उज्जैनच्या रेखांशापासून अर्धा अंशही लांब नाही. सूर्य तिथे माथ्याच्या रेषेवर आला, की दोनेक मिनिटांत आपल्याकडे.

मला मात्र नाडीवलय यंत्र जास्त आवडतं. त्याच्या उत्तरेकडच्या तबकडीवर मार्च ते सप्टेंबर ऊन, उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या. दिवस-रात्र समान असतात तेव्हा ऊन एकीवरून दुसरीवर जातं. ऋतू डोळ्यांनी दिसतो!

हे आज बघता येतं, कारण १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी पडझड झालेली वेधशाळा दुरुस्त करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी अधीक्षक म्हणून ती चालती केली. मथुरेची तर आता उरलेलीच नाही.

जाल तेव्हा स्वच्छ उन्हाचा दिवस निवडा. पावसाळ्यात सावलीच मिळायची नाही. जमत नसेल तर गच्चीवर काठी सरळ उभी करा, तिची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा फोनमध्ये किती वाजले ते बघा, आणि तारखेसकट आम्हाला पाठवा.