बॉयलर किती खातो, किती देतो? एका लॉन्ड्रीचं गणित

समजा, तुम्ही साजगावला गाळा घेऊन कर्जतच्या रिसॉर्टच्या चादरी-टॉवेल धुण्याची लॉन्ड्री टाकताय. वाफेसाठी छोटा बॉयलर, इंधन ब्रिकेट. विकणारा म्हणतो, "80 टक्के एफिशियन्सी, साहेब!" असेल, पण ती त्याच्या कागदावर. तुमची तुम्हीच मोजायची. वजनकाटा, फीड पाण्याच्या लाइनवर मीटर आणि थर्मामीटर, एवढं पुरतं.

8 तासांची एक पाळी घ्या. सुरुवातीला आणि शेवटी बॉयलरमधली पाण्याची पातळी आणि प्रेशर सारखं हवं. ब्लोडाउनचं पाणी वजा जाता 4,000 किलो पाणी गेलं, म्हणजे तेवढी वाफ झाली. 7 किलो प्रेशरच्या वाफेत किलोमागे साधारण 660 किलोकॅलरी असतात. पाणी 30 अंशांचं होतं, म्हणजे 30 ते सोबत घेऊनच आलं. बॉयलरने दिल्या 630. 4,000 गुणिले 630, झाले 25,20,000. ब्रिकेट जळालं 1,000 किलो. किलोमागे 3,600 धरल्या तर 36,00,000. भागाकार करा: 70 टक्के.

हा 3,600 चा आकडा मात्र पुरवठादाराच्या तोंडून घेऊ नका, लॅबमधून तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवलेलं ब्रिकेट ओल धरतं, फुटतं, आणि तुम्ही पाण्याचे पैसे मोजता.

बाकीची उष्णता गेली कुठे? बरीचशी चिमणीतून. 7 किलोची वाफ साधारण 170 अंशांची असते. चिमणीतला धूर 250 च्या पुढे जात असेल आणि आकडा आठवड्यागणिक चढत असेल, तर ट्यूबवर काजळी किंवा क्षार बसलेत. धुराचं तापमान 22 अंशांनी उतरवलं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं.

आता गंमत बघा. ड्रायर आणि इस्त्रीच्या मशिनमधून निघणारं गरम पाणी अनेक जण सरळ गटारात सोडतात! ते टाकीत परत आणून फीड पाणी 60 अंशांवर नेलं, तर किलोमागे 600 च लागतील. ब्रिकेट 952 किलोत भागेल. किलोला 8 रुपये धरले तर पाळीला 384 रुपये, 300 पाळ्यांत 1,15,200 रुपये. एफिशियन्सी मात्र 70 च दिसेल, कारण ही बचत बॉयलरच्या बाहेर झाली. म्हणून टक्क्यांसोबत "एक किलो ब्रिकेटला किती किलो वाफ" हेही रोज वहीत लिहा. इथे 4 वरून 4.2 झाली.

जुना बॉयलर स्वस्तात मिळतोय? आधी बाष्पके संचालनालयाचा नोंदणी क्रमांक आणि चालू प्रमाणपत्र मागा, मगच टोकन द्या.