घात करतात ते ओळखीचे शब्द

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात किंवा पाथर्डीत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी आज घरबसल्या विद्यापीठीय संगणकशास्त्र शिकू शकतो. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ पासून त्यासाठी खुले आहे. मग तो अडतो कुठे?

‘अल्गोरिदम’पाशी सहसा नाही. तो शब्द सर्वांनाच नवा, म्हणून शिक्षक तो समजावून सांगतात. घात करतात ते ओळखीचे शब्द. ‘स्ट्रिंग’ म्हणजे दोरी, ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे वाद, असे शाळेत पाठ झालेले असते. इथे स्ट्रिंग ही अक्षरांची माळ आणि आर्ग्युमेंट ही फंक्शनच्या हाती दिलेली माहिती. प्रश्नांतली वाक्ये तर त्याहून निसरडी. ‘लेस दॅन टेन’मध्ये दहा येत नाहीत, ‘ॲट मोस्ट टेन’मध्ये येतात. तेवढ्याने प्रोग्रॅम चुकतो आणि भाषेची चूक बुद्धीच्या खात्यावर मांडली जाते.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर एक वाट दाखवली आहे : पडद्यावरचे इंग्रजी तसेच ठेवायचे, निवेदन तेवढे मराठीत. नोकरीत जे इंग्रजी भेटणार, ते डोळ्यांसमोर राहते. उलगडा मात्र आपल्या भाषेत होतो.

विद्यापीठांनी याला एक जोड द्यावी. प्रत्येक पाठासोबत असे आठ-दहा फसवे शब्द, त्यांचे व्यवहारातले व संगणकातले अर्थ आणि एका ओळीचे उदाहरण द्यावे. इंग्रजी टाळून या क्षेत्रात निभाव लागणार नाही. पण इंग्रजी पक्के होईपर्यंत विचार करायला शिकणे कशाला थांबवायचे?