कोयनेलाचे भावंड

कोयनेल किती कडू, ते आजोबांना विचारा! हिवतापावरचे हे औषध सिंकोनाच्या सालीतले. त्याच सालीत क्विनिडीन हे त्याचे भावंड असते. अणू तेच, मांडणी वेगळी.

मेंदूच्या पेशीत बाहेरच्या सुमारे ३० पट पोटॅशियम असते. विद्युत-स्पंद येऊन गेला, की पेशीपटलातील प्रथिनांची दारे उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी शांत होते. केसीएनटी-१ या जनुकातील बिघाडाने यांतले एक दार प्रमाणाबाहेर उघडे राहते. मग पेशी अधिकच शांत हवी; पण तान्ह्या बाळांना आकडी येते! बहुधा इतरांना आवर घालणाऱ्या पेशीच गप्प होतात.

क्विनिडीन या दारात बुचासारखे बसते. २०१४ पासून काही बाळांना ते देऊन पाहिले. थोड्यांनाच गुण आला. मात्रा वाढवावी, तर हृदयातलीही पोटॅशियमची दारे बुजतात आणि ठोक्यांचा ताल बिघडतो.