प्रकल्पाच्या वहीतून घडणारा विद्यार्थी

दहावीचा निकाल हाती आला की घराघरांत गुणपत्रिकेची चर्चा सुरू होते. गणितात किती, विज्ञानात किती, शेजारच्या मुलापेक्षा अधिक की उणे, याचा हिशेब मांडला जातो. या धामधुमीत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या काही वस्तूंकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पुठ्ठ्याची एखादी प्रतिकृती, रंगीत कागदांचा तक्ता, हाताने लिहिलेल्या नोंदींची वही, नाटुकल्याची खाडाखोड केलेली संहिता. वर्षभर मोठ्या खटाटोपाने केलेले हे शालेय प्रकल्प पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. वस्तुतः मुलाने त्या वर्षात काय कमावले याचा खरा लेखाजोखा गुणपत्रिकेइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, या वस्तूंमध्ये दडलेला असतो.

छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर १० मध्ये या प्रश्नाचा विचार करणे विशेष उद्बोधक ठरते.

पोलादनगरीतील विद्यार्थिजीवन

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज अनेकांच्या स्मरणातही नसेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच कामगारांसाठी आखीवरेखीव नगर वसले. त्याचे सेक्टर पडले, शाळा, बाजार आणि उद्याने आली. सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला लागून असलेल्या सेक्टर १० मधील उच्च माध्यमिक शाळेने पुढे अभ्यासू विद्यार्थ्यांची शाळा म्हणून नाव मिळवले.

देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे नोकरीसाठी आली. एकाच गल्लीत मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळम, पंजाबी आणि छत्तीसगढी कानी पडते. म्हणूनच भिलाईला ‘लघुभारत’ म्हटले जाते. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांतील यशासाठीही हे शहर ओळखले जाते. साहजिकच येथील विद्यार्थ्याचे वेळापत्रक काटेकोर असते. सकाळी शाळा, दुपारनंतर शिकवणी, रात्री सराव. अशा वेळी शिक्षकांनी प्रकल्प दिला की पालकांच्या कपाळावर आठी उमटते. “अभ्यासाचा वेळ चिकटकामात जातो,” ही तक्रार सेक्टर १० मध्ये जशी ऐकू येते, तशीच ती पुणे, नागपूर किंवा ठाण्यातही ऐकू येते.

वीस गुणांचे गणित

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या पद्धतीत दहावीला बहुतेक मुख्य विषयांत ८० गुण लेखी परीक्षेसाठी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी असतात. या वीस गुणांचे प्रत्येकी पाच गुणांचे चार भाग पडतात : नियतकालिक चाचण्या, विविध प्रकारचे मूल्यमापन, विद्यार्थ्याच्या कामाचा संग्रह आणि विषयपूरक उपक्रम. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून मंडळाने पहिली ते दहावीच्या वर्गांसाठी कलेशी सांगड घातलेला प्रकल्पही आवश्यक केला. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत राज्यांच्या जोड्या लावण्यात आल्या असून छत्तीसगडची जोडी गुजरातशी, तर महाराष्ट्राची ओडिशाशी आहे. भिलाईच्या मुलाने गुजरातच्या कलेचा अभ्यास करावा, ही त्यामागील कल्पना.

कागदावर ही योजना सुबक दिसते. परंतु पाच गुणांसाठी केलेले काम पाच गुणांपुरतेच उरते, की त्यातून मुलाच्या ठायी काही स्थायी स्वरूपाची वाढ होते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक कल्पना करून पाहू. समजा, सेक्टर १० मध्ये राहणारी आणि अकरावीत नुकतीच प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी आपले मागील वर्षाचे प्रकल्प समोर मांडून बसली आहे. तिला त्यांत काय दिसेल?

पाटणचा पटोळा आणि कागदाच्या पट्ट्या

पहिला प्रकल्प गुजरातमधील पाटणच्या पटोळ्यावरचा. पटोळ्यात उभे आणि आडवे असे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच बांधून रंगवावे लागतात. नक्षी आधी धाग्यावर उतरते आणि मग कापडावर. बांधणीत झालेली चूक विणताना लपत नाही. एका साडीला कित्येक महिने लागतात ते याचमुळे. विद्यार्थिनीने ही रीत कागदाच्या रंगीत पट्ट्यांवर करून पाहिली. पट्ट्या आधी रंगवल्या आणि नंतर एकमेकींत गुंफल्या. पहिल्या खेपेस नक्षी पार विस्कटली, कारण पट्ट्यांच्या जाडीमुळे प्रत्येक वळणावर अंतर किंचित सरकत गेले. दुसऱ्या खेपेस तिने आधी चौकटींच्या कागदावर आराखडा काढला. तिसऱ्या खेपेस हत्तीची आकृती ओळखू येऊ लागली.

शिक्षकांनी पाहिली ती तिसरी गुंफण. परंतु तिला शिकवले ते पहिल्या दोन गुंफणींनी. काम हाती घेण्यापूर्वी त्याचा शेवट मनाशी स्पष्ट असावा लागतो, हे तिला कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते.

रूळ किती वाढतो?

दुसरा प्रकल्प विज्ञानाचा. भिलाई म्हणजे रेल्वेचे रूळ. येथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो आणि दोन रूळ जोडून २६० मीटरची पट्टीही बनते. उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य. ते या रुळांना लावून पाहिले तर काय होते? तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की पोलादाची लांबी दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटरने, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम ऐंशीव्या भागाने वाढते. हा आकडा नगण्य वाटतो. परंतु हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर मोकळ्या ठेवलेल्या २६० मीटरच्या रुळाची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटरने वाढेल. एवढी वाढ स्लीपर आणि खडीच्या पकडीत रोखून धरावी लागते. रूळ टाकण्याचे शास्त्र एवढे काटेकोर का, हे त्यातून उमगते.

हे पडताळण्यासाठी तिने लोखंडी तार, मेणबत्ती आणि काट्याचे एक साधे उपकरण रचले. पहिल्या दिवशी काटा हललाच नाही. तार ज्या खिळ्याला बांधली होती तो खिळाच सैल होता. येथे एक मोह उभा राहतो. पुस्तकातले उत्तर ठाऊक असल्याने वहीत ‘योग्य’ आकडे लिहून मोकळे होता येते. तिने मात्र न हललेल्या काट्याची नोंद तशीच ठेवली आणि पुढील पानावर कारण लिहिले. प्रकल्पातून प्रामाणिकपणा शिकायचा असेल, तर तो या पानावर शिकला जातो. पुढे कोणत्याही व्यवसायात, आणि हिशेबाच्या वहीत तर विशेषच, हाच गुण माणसाची पत ठरवतो.

अपुऱ्या नाटकाची महती

तिसरा प्रकल्प गटाचा, एका लोककथेवरील नाटुकल्याचा. या बाबतीत भिलाईचा वारसा थोर आहे. जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानीच्या कापालिक शैलीत महाभारत सादर करून ही लोककला जगभर पोहोचवली. त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषणने गौरवण्यात आले. रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाची घडणही भिलाईशी जोडलेली आहे. विजयदान देथा यांच्या कथेवर आधारलेले हे नाटक १९७० च्या दशकात येथील कार्यशाळेत छत्तीसगढी लोककलावंतांच्या उत्स्फूर्त अभिनयातून आकार घेऊ लागले आणि त्याचे पहिले, अपुरे रूप येथील प्रेक्षकांनीच पाहिले. तेच नाटक घडत घडत १९८२ साली एडिंबरा महोत्सवात पारितोषिक मिळवते झाले. मोठी कलाकृतीही प्रथम अपुऱ्या अवस्थेत लोकांसमोर येते, हा दिलासा प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावयास हवा.

आपल्या विद्यार्थिनीला नाटुकल्यात भूमिका मिळाली नाही. तिच्याकडे संहिता सांभाळण्याचे काम आले. प्रारंभी ती हिरमुसली. परंतु तालमीत कोणता संवाद अडखळतो, कोणता प्रसंग लांबतो, हे सर्वांत आधी तिच्याच ध्यानी येऊ लागले. गटात वाद झाले, दोघांनी अबोला धरला, एकाने काम अर्धवट सोडले. ते निस्तरताना तिला स्वतःविषयी एक गोष्ट कळली : ती मोठ्याने बोलणारी नाही, परंतु लोक तिचे ऐकतात. हे कोणत्याही गुणपत्रिकेत छापले जात नाही.

कर्जाचे दोन दरवाजे

चौथा प्रकल्प बँकेच्या वाचकांना जवळचा वाटेल. दहावीच्या अर्थशास्त्रात पैसा आणि पत यांवर एक प्रकरण आहे. कर्जाचे औपचारिक आणि अनौपचारिक स्रोत त्यात समजावले आहेत. त्यावर आधारित छोट्या सर्वेक्षणासाठी ती परिचयातील काही घरांत गेली. कारखान्यातील कर्मचाऱ्याने बँकेतून गृहकर्ज घेतले होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी मात्र मुलीच्या आजारपणात सावकाराचे दार ठोठावले होते, कारण तारण नव्हते आणि कागदपत्रे कोठे न्यावीत हे सांगणारे कोणी नव्हते. व्याज किती, हा प्रश्न विचारताना विद्यार्थिनीचा आवाज आपोआप खाली आला. दुसऱ्याच्या अडचणीविषयी प्रश्न कसा विचारावा, आणि कोणता विचारू नये, हा धडा तिला तेथे मिळाला. पुस्तकातील तक्त्याचे दोन रकाने तिच्यापुरते दोन माणसे झाले.

या कल्पनेस अनुभवाची जोड

हा सारा विचार नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीची मांडणी केली. आपल्याकडे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. हाताच्या कामातून बुद्धीचे शिक्षण हे त्याचे सूत्र. मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे १९७२ साली सोळा शाळांपासून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षे चालला. तेथेच १९७८ साली पुण्याच्या कारखान्यातील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, काड्या आणि रबरी नळीच्या तुकड्यांतून आकृत्या घडवू लागले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मतासह विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचेही मूल्यमापन असावे, असे सुचवले आहे. मुलाने आपल्या कामाकडे मागे वळून पाहावे, हीच त्यातील मुख्य अपेक्षा.

पालकांची जबाबदारी

असे असूनही प्रकल्पांची दुर्दशा होते, त्यास मोठी माणसेही कारणीभूत आहेत. दुकानात तयार प्रतिकृती मिळतात. आई रात्री जागून तक्ता रंगवते, वडील कार्यालयातून छापील पाने आणतात. अलीकडे संगणकाला सांगितले की क्षणार्धात निबंधही तयार होतो. यात वेळ वाचतो हे खरे. परंतु विस्कटलेली नक्षी, न हललेला काटा, तालमीतले भांडण आणि खाली आलेला आवाज हे सारे त्याबरोबर वगळले जाते. ज्यासाठी प्रकल्प होता तेच नेमके हरवते.

प्रवेशपरीक्षांचे महत्त्व कोणी नाकारू नये. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी, विशेषतः निवृत्तीनंतर कारखान्याचे घर सोडावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी, मुलाचे शिक्षण हीच खरी मिळकत असते. त्याची काळजी समजण्याजोगी आहे. तथापि, परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेलेल्या मुलालाही तेथे गटात काम करावे लागते, अपयशाची नोंद प्रामाणिकपणे करावी लागते, अनोळखी माणसाशी बोलावे लागते. ही शिदोरी सोळाव्या वर्षापर्यंत बांधली गेली नाही, तर पुढे ती घाईघाईने बांधता येत नाही. आवर्ती ठेवीत दरमहा भरलेली छोटी रक्कम मुदतीअखेर ज्याप्रमाणे हाती येते, त्याप्रमाणेच हे छोटे छोटे अनुभव साठत जातात. हप्ता मात्र ज्याचा त्यानेच भरावयाचा असतो.

यंदा मुलाने प्रकल्प पूर्ण केला की त्याला गुण किती मिळाले, एवढेच विचारून थांबू नये. कोठे अडलास, ते कसे सोडवलेस आणि पुन्हा केलास तर काय निराळे करशील, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे. आणि जमल्यास ती वही रद्दीत न देता जपून ठेवावी. काही वर्षांनी ती उघडून पाहताना मुलाला स्वतःच्या वाढीच्या खुणा स्वतःच्याच अक्षरांत सापडतील.