लिपि अरबी, भाषा मलयाळम्

लिपि पाहून भाषा ठरविण्याची आपली संवय कधीं कधीं मोठा घात करिते. कांहीं वर्षांपूर्वीं एका खाजगी संग्रहांतील रुमाल सोडीत असतां अरबी अक्षरांची एक वही हातीं आली. 'अरबी, धार्मिक' असा शेरा मारून मीं ती बाजूस ठेविली. पुढें एका जाणत्यानें ती वाचून दाखविली, तेव्हां भाषा मलयाळम् निघाली. चूक माझी, म्हणून हें टिपण.

उत्तर केरळांत, विशेषतः कोळिकोड व मलप्पुरम् या बाजूस, राहणाऱ्या मुसलमानांस माप्पिळा म्हणतात. त्यांची मातृभाषा मलयाळम्. मात्र तींत अरबी-फारशी शब्दांचा भरणा आहे. ती लिहिण्यास त्यांनीं अरबी लिपि योजिली. प, च, ट, ण, ळ हे वर्ण अरबींत नाहींत. म्हणून जवळच्या अक्षरांस नुक्ते व खुणा जोडून नवीं अक्षरें पाडलीं. या लेखनास अरबी-मलयाळम् म्हणतात.

उच्चारही निराळे. शिष्ट भाषेंतील 'वन्नु' (आला) येथें 'बन्नु' होतो, 'वीडु' (घर) 'बीडु' होतें. 'मऴ' (पाऊस) या शब्दांतील ळकारसदृश वर्णाचा य होऊन 'मय' होतें. संस्कृताभ्यासी मनास हे अपभ्रंश वाटतात. पण 'वन'चें हिंदींत 'बन' होतें, तसाच हाही नियमबद्ध पालट आहे. मात्र व-चा ब उत्तर केरळांतील इतर बोलींतही आढळतो. तेवढ्यावरून लेखकाचा धर्म ठरवूं नये.

या वाङ्मयांतील कालनिर्देश असलेली सर्वांत जुनी ज्ञात कृति म्हणजे कोळिकोडचे काजी मुहम्मद यांची 'मुह्‌यिद्दीन माला'. शेख अब्दुल कादिर जीलानी यांच्या या स्तुतिकाव्याचा काल कोल्लम् वर्ष ७८२, म्हणजे इ. स. १६०७. त्यानंतर नवांच वर्षांनीं, १६१६ त, फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. अक्षरें रोमन म्हणून तें मराठी नव्हे, असें कोण म्हणेल? पुढें मोयिन्‌कुट्टि वैद्यर (१८५२–१८९२) यांनीं १८७२ त 'बदरुल् मुनीर हुस्नुल् जमाल' हें प्रेमकाव्य रचिलें. तेव्हां हें वाङ्मय केवळ धार्मिक, हाही समज टिकत नाहीं.

संग्राहकांस विनंति इतकीच. अरबी वहींत अनोळखी नुक्त्यांचीं अक्षरें दिसल्यास मलयाळम् जाणणाऱ्याकडून चार ओळी मोठ्यानें वाचवून घ्याव्या. कोल्लम् वर्ष आढळल्यास महिन्याप्रमाणें ८२४ किंवा ८२५ मिळवून इसवी सन काढावा. चुकीच्या शेऱ्याखालीं ठेविलेली वही नष्ट होत नाहीं. परंतु जो ती वाचूं शकेल तो तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं.