भाकरीवाचून ताट

आपल्या परभणीच्या बाजूला दुपारी कुणाच्या दारात गेलात, तर "जेवण झालं का?" असे सहसा कोणी विचारीत नाही. "भाकर खाल्ली का?" असे विचारतात. भाकर म्हणजेच जेवण; बाकीचे सारे तोंडीलावणे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या मातीत रब्बीची ज्वारी पिढ्यान् पिढ्या पिकत आली आणि आमच्या भाषेतही ती अशी रुजली. अशा मुलखात एखादा माणूस उठून म्हणू लागला की, मी भाकर सोडली, पोळी सोडली, भातही सोडला, तर ऐकणाऱ्याला वाटते, याला काही दुखणे तरी जडले असावे, नाही तर हा कुठल्या बुवाच्या नादी लागला असावा.

मी सोडली होती. बुवाच्या नादी लागून नव्हे, दुखण्यापायीच.

मी अर्थशास्त्र शिकविणारा माणूस, वैद्य नव्हे. वय पंचेचाळीस. २०२३ च्या दिवाळीनंतर रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.९ टक्के निघाली. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. माझ्या वडिलांचा डावा पाय याच रोगापायी गुडघ्याखाली काढावा लागला होता. तो दवाखाना, तो वास, त्यानंतरची त्यांची ओट्यावरची चार वर्षे मी पाहिली होती. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "सर, गोळी लगेच नको, तीन महिने खाण्यात बदल करून पाहू," तेव्हा मी तो बदल जरा जास्तच निष्ठेने केला. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवसांत 'धान्यमुक्त आहार' हा शब्द फार चालत होता. मी तोच धरला.

आता 'धान्य' म्हणजे नक्की काय, हे आधी पाहिले पाहिजे. कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्या भाषेत तृणधान्य, कडधान्य, गळिताचे धान्य अशी सगळीच धान्ये. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका ही गवताच्या कुळातली बी, ती तृणधान्ये. तूर, मूग, हरभरा ही शेंगेतली. पश्चिमेकडे जे लोक धान्य सोडा म्हणतात त्यांच्यातले काही कडधान्यही सोडतात, काही सोडीत नाहीत. आणि आपली एकादशी पहा. त्या दिवशी आपण धान्य वर्ज्य केले असे समजतो, पण भगर म्हणजे वरई हे गवतकुळातलेच तृणधान्य आहे. राजगिरा आणि शिंगाडा मात्र गवत नव्हेत. साबुदाणा तर कंदाचा नुसता स्टार्च. शंभर भागांत पंच्याऐंशीहून अधिक भाग तोच. मधुमेही माणसाने भाकर सोडून साबुदाण्याची उसळ खाल्ली, तर देव प्रसन्न होईल की नाही ते मला माहीत नाही. साखर मात्र चढेल.

मी कडधान्ये ठेवली, तृणधान्ये सोडली. आणि पाकिटातले, कारखान्यातले सारे बंद केले. सकाळी दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, ताक. दुपारी मुगाची किंवा मटकीची उसळ, मेथी, करडई, तांदुळजा यांपैकी जी मिळेल ती पालेभाजी, काकडी, कांदा. रात्री भेंडी, दोडका, वांगे, कधी पिठले. भेंडीसाठी तर आपल्याला परगावी जायला नको; 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात आपल्याच कृषी विद्यापीठाने साऱ्या देशाला दिलेली आहे. पहिल्या रात्री पिठल्याचे ताट समोर घेऊन बसलो, तेव्हा आई म्हणाली, "नुसतं पिठलं चमच्यानं खाणारं लेकरू मी जन्मात पाहिलं नव्हतं." तिने त्या दिवशी स्वतःही भाकर अर्धीच खाल्ली. आहार बदलणारा एकटाच बदलत नसतो, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो वजन उतरले आणि मी हरखून गेलो. हरखण्यासारखे त्यात थोडेच होते. आपले यकृत आणि स्नायू खाल्लेल्या पिष्टाचा काही साठा करून ठेवतात. चारपाचशे ग्रॅम धरा. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्ट थांबले की साठा खर्च होतो, पाणी वाहून जाते, आणि काटा खाली येतो. चरबी अजून जागच्या जागीच असते. दुसऱ्या आठवड्यात डोके दुखले, तास घेताना गळून गेल्यासारखे झाले, पोट साफ होईना. कारण भाकरीबरोबर तिचा कोंडाही गेला होता. पालेभाजी वाढविली तेव्हा कुठे बरे वाटले. तीन महिन्यांनी वजन चौऱ्याऐंशीचे सत्त्याहत्तर झाले आणि सरासरी ६.१ वर आली.

म्हणजे भाकरच गुन्हेगार होती की काय? मीही काही दिवस तसेच म्हणत फिरलो. पण आमच्या शास्त्रात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात: पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर फळाचे श्रेय एकीच्याच पदरात टाकू नये. मी भाकरीबरोबर काय काय सोडले होते, ते ऐका. दिवसाचे पाच कप गोड चहा. चहाबरोबरची बिस्किटे. सकाळचे पोहे. रविवारची जिलेबी. शिवाय, धान्य नको म्हटल्यावर बाहेर खाण्यासारखे काही उरतच नाही, म्हणून संध्याकाळचे भजे आपोआप सुटले. आणि मापून खाऊ लागलो, हे सर्वांत मोठे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर एक वर्ष प्रयोग केला; त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पिष्ट कमी, निम्म्यांना चरबी कमी. मात्र साखर आणि मैदा टाळा, घरचे ताजे खा, भाज्या भरपूर घ्या, हे दोघांनाही सारखेच सांगितले होते. वर्षअखेर एका गटाचे वजन सरासरी ६ किलो घटले, दुसऱ्याचे ५.३ किलो. फरक नावापुरताच. म्हणजे दोन्ही बाजूंनी जे सारखे होते, तेच बहुधा कामाला आले.

पण यावरून ज्वारीवाल्यांनी लगेच मिशांना ताव देऊ नये. मी स्वतः ज्वारीवालाच आहे. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर असल्याचे दिसले. त्याच पाहणीवरून २०२५ मध्ये आणखी एक हिशेब पुढे आला. आपल्या जेवणातली शंभरातली बासष्टच्या आसपास उष्णता नुसत्या पिष्टातून येते, प्रथिनांतून जेमतेम बारा. आणि एकूण पिष्ट तेवढेच ठेवून पांढऱ्या भाताच्या किंवा मैद्याच्या जागी नुसती ज्वारी-बाजरीची भाकर किंवा कोंड्यासह गव्हाची पोळी आणली, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. पिष्टाचा थोडा भाग काढून तिथे डाळ, दूध-दही अशी प्रथिने घातली, तिथे धोका कमी दिसला. म्हणजे प्रश्न धान्याच्या जातीचा कमी आणि मापाचा जास्त आहे. आमच्या घरी एका भाकरीला ऐंशी ग्रॅम पीठ लागते, हे मी काट्यावर तोलून पाहिले. दोन्ही वेळच्या मिळून पाच भाकरी म्हणजे चारशे ग्रॅम. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या प्राध्यापकाला ते कशाला हवेत?

मात्र हेच चारशे ग्रॅम दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचे असतील, तर हिशेब उलटा होतो. चारशे ग्रॅम ज्वारीतून सुमारे साडेतेराशे कॅलरी उष्णता मिळते. तेवढी अंड्यांतून मिळवायची तर अठरा अंडी लागतील. शेंगदाण्यांतून मिळवायची तर पाव किलो शेंगदाणे. भेंडीतून मिळवू म्हटले तर चार किलोंहून जास्त भेंडी! रेशनवर माणशी पाच किलो मिळते ते धान्यच मिळते. अंडी मिळत नाहीत. तेव्हा 'धान्य सोडा' हा उपदेश गावातल्या सभेत सरसकट करू नये, अशी शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे. वाढत्या पोरांना तर मुळीच नको, गरोदर बाईलाही नको.

उलट बाजूही सांगतो. नुसत्या धान्यावर जगणेही सोपे नाही. आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता त्या दख्खनच्या पठारावर, नुसत्या ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग दिसत असे: उन्हाने कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, बुद्धी भ्रमते. हैदराबादचे संशोधक डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा ज्वारीच्या प्रथिनांशी संबंध दाखविण्याचा प्रयत्न केला. भाकरीबरोबर वरण, दूध, भाजी असेल तर हे संकट येत नाही. ज्यांना गव्हातला ग्लूटेनच सोसत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गहू जन्मभर वर्ज्य. पण ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून त्यांना आपली भाकर चालते.

धान्य सोडण्याचा हट्ट काही आजचा नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना दूध, धान्य, डाळी सारे सोडून भुईमूग, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षे आणि ऑलिव्हचे तेल यांवर राहण्याचा प्रयोग केला होता. १९१४ साली ते लंडनला आले आणि त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. त्याआधी त्यांनी मोठा उपवासही केला होता, तेव्हा सारा दोष आहाराला देता येत नाही. डॉ. जीवराज मेहतांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून आग्रह धरला. गांधीजी ऐकेनात. शेवटी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कानावर गेली; त्यांनीही डॉक्टरांचेच ऐकावे म्हणून भीड घातली. गांधीजींनी एक रात्र विचार करून दुधाला नकारच दिला. पुढे एका शाकाहारी डॉक्टरने त्यांना सांगितले त्यात कोंड्याची पाव-रोटी होती. मला या प्रसंगात गोखले अधिक आठवतात. ते स्वतः मधुमेही होते, आणि इन्शुलिन अजून निघायचे होते. पहिल्या रोग्याला ते १९२२ च्या जानेवारीत टोचले गेले. तोवर मधुमेह्याचे पिष्ट तोडणे हाच मुख्य उपचार होता. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. ज्या माणसाला स्वतःला धान्य जपून खावे लागत असेल, तो दुसऱ्याला धान्य घे म्हणून विनवतो. कारण दोघांची प्रकृती एक नाही.

हे मला कळायला उशीर झाला. गंगाखेडच्या बाजूला माझे चुलतभाऊ शेती करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. साखर माझ्याही आधीची, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. संक्रांतीला माझे उतरलेले वजन पाहून त्यांनी विचारले, काय केलंस? मी तासभर फुशारकीने सांगितले. गोळीचे मात्र बोललो नाही; मी गोळी घेतच नव्हतो, म्हणून सुचलेही नाही. दादांनी घरी जाऊन भाकर एकदम बंद केली, गोळी तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या रानात त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या रानातल्या एका मजूर बाईने ओळखले. तिच्या नवऱ्याला तसेच होत असे. तिने गुळाचे पाणी पाजले. गिळण्याइतकी शुद्ध होती, म्हणून पाजता आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे. तिथे पोहोचेपर्यंत गुळाचे पाणी पोटात असूनही साखर ५४ होती.

ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा की न जेवा. भाकर जाते, गोळीचे काम चालूच राहते, आणि साखर खाली कोसळते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांनाही हाच धोका. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्यांच्यावर असताना पिष्ट फार तोडले तर रक्तात आम्ल साठण्याचे वेगळेच संकट उभे राहते. मूत्रपिंड दुबळे असेल तर अंडी-डाळींचा मारा सोसेलच असे नाही. तेव्हा औषध चालू असलेल्याने धान्य कमी करायचे तर आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधाचे माप बदलून घ्यावे, मग ताटाचे. हा क्रम मी दादांना सांगायला हवा होता.

दादांचे डॉक्टर आता गोळी अर्धी करून, दर वेळी एक भाकर देऊन साखर पाहतात. माझेही तसेच चालले आहे. वर्षभर निव्वळ धान्यावाचून राहणे मला जमले नाही; लग्नकार्यात, पाहुण्यांत ते निभत नाही, आणि हुरड्याच्या दिवसांत परभणीच्या माणसाने रानात नुसते बसून राहावे, हे तर अशक्यच. आमच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काढलेली 'परभणी शक्ती' ज्वारी २०१८ पासून आहे. तिच्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक असते. ती मिळते तेव्हा घेतो. चहात साखर नाही, बिस्किटे घरात येत नाहीत, ताटाचा अर्धा भाग भाजीचा, आणि उसळ किंवा वरण रोज. दुपारी एक भाकर, रात्री अर्धी. ती अर्धी उरली की आईला करमत नसे. आता रात्री ती माझ्यासाठी वेगळी लहान थापते, पोरांना करतात तशी चानकी, आणि मला हाक मारून म्हणते, "ये, तुझी भाकर झाली."